नागासाकीचा दिवस आणि आपला दिवस एकच



9 ऑगस्टच्या मोर्चाची तयारी करायला मागच्या आठवड्यात आपली बैठक झाली. पाऊस धो धो चालू होता. आवणीची कामं अर्धवट टाकून माणसं आली होती. मागण्यांचं पत्रक लिहायला घेतलं. पहिली मागणी, पडून राहिलेल्या वनहक्क दाव्यांची. दुसरी, हिरड्याच्या भावाची. तिसरी, धरणग्रस्तांच्या राहिलेल्या पुनर्वसनाची. इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चौथी मी मांडली. अणुबॉम्बच्या विरोधात ठराव करायचा आणि गावोगाव त्याची माहिती सांगायची.

आधी हशा झाला. मग एक जण म्हणाला, "आरं, सातबाऱ्यावर नाव लागंना आपलं, आन् बॉम्बचं काय घेऊन बसलास?" दुसरा म्हणाला, "त्ये दिल्लीचं काम हाय. आपण तोंड उघडलं तर देशद्रोही म्हणतील." कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेल्या एका आजीनं विचारलं, "बॉम्ब पडला तर इथवर येतो का रं त्यो?"

ठराव त्या दिवशी झाला नाही. मोर्चाच्या आधीच्या बैठकीत ठरवू असं म्हणून माणसं पांगली. पण तिघांचेही सवाल रास्त होते. हसून सोडून देण्यासारखे नव्हते. म्हणून हे लिहितो आहे. आधी आजीच्या सवालाचं बघू.

इथवर येतो का?

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. आपल्या गावांतली अशी पोरं आता मोजता येणार नाहीत इतकी आहेत. पहाटे घाटाखाली उतरायचं, कंपनीच्या बसला लटकायचं, बारा तास उभं राहायचं आणि खोलीवर सहा जणांत झोपायचं. 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर लढाईचं वारं सुटलं होतं, तेव्हा एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, मोबाइलवर यादी आलीया. पिंपरी-चिंचवडचं नाव हाय तिच्यात. घरी निघून येऊ का?"

मला वाटलं अफवा असेल. पण यादी खरी होती. 7 मे 2025 ला केंद्र सरकारनं देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल लावली होती. भोंगा वाजला की काय करायचं, दिवे कसे घालवायचे, माणसं कशी हलवायची, याची ती तालीम. त्यासाठी जी ठिकाणं धरली जातात त्यांत महाराष्ट्रातून मुंबई, उरण, तारापूर आहेत, तसं पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचंही नाव वेगळं आहे. म्हणजे लढाई झाली तर शत्रू कुठे नेम धरेल याचा हिशोब सरकारनं केव्हाच करून ठेवलाय. त्या हिशोबात आपली पोरं जिथं राबतात ती जागा आहे.

यात नवल नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना इंग्रजांनी 1869 साली काढला. देहूरोडला दारूगोळ्याचं कोठार आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. दिघीला आणि पाषाणला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या अधेमधे पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण, तळेगावचे कारखाने. देशाचा एवढा कारभार एका पट्ट्यात गोळा झाला की तो पट्टा शत्रूच्या नकाशावर येणारच.

देहूरोडच्या कोठारावरून एक गोष्ट समजून घ्या. त्याच्याभोवती दोन हजार यार्डांचा, म्हणजे सुमारे पावणेदोन किलोमीटरचा रेड झोन आहे. तिथं घर बांधायला परवानगी नाही. तरीही तळवडे, निगडी, किवळे भागात गरिबांनी गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घरं बांधली आणि आता नोटिशीच्या भीतीनं जगताहेत. आपल्यातलेही काही जण तिथं भाड्यानं राहतात. हा रेड झोन कशासाठी? तर साध्या दारूगोळ्यासाठी. कोठाराला आग लागली तर आजूबाजूची माणसं मरू नयेत म्हणून. ही भीती खोटी नाही. वर्ध्याजवळ पुलगावच्या कोठारात मे 2016 च्या अखेरीस आग लागली, तेव्हा पंधरावर माणसं गेली. त्यांत जवान होते, आग विझवणारे होते.

साध्या दारूगोळ्याला पावणेदोन किलोमीटर लागतात. मग अणुबॉम्बला किती? हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 ला पडलेला बॉम्ब आजच्या हिशोबानं लहान होता. त्यानं दोन किलोमीटरच्या आतलं जवळजवळ सगळं एका सकाळीत जाळून, पाडून टाकलं. ते वर्ष संपेपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसं मेली. त्या शहरात तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती होती. पिंपरी-चिंचवडची वस्ती 2011 च्या जनगणनेतच 17 लाखांच्या वर होती. आता किती असेल तुम्हीच बघा.

आपल्याकडे कुणाला मोठं दुखणं झालं की गाडी करून पिंपरीच्या वायसीएमला नेतात. हिरोशिमात दर दहा डॉक्टर-नर्सांमागे नऊ जण मेले किंवा जखमी झाले. दवाखानेच पडले. पाणी देणारं कुणी उरलं नाही. जगभरचे डॉक्टर म्हणूनच सांगतात की अणुबॉम्बवर औषध नाही, तो पडू न देणं हाच इलाज.

आता कुणी म्हणेल, ते शहरात. आपण डोंगरात आहोत, आपलं काय? आजीचा सवाल तोच होता. त्याचं उत्तर असं आहे.

शहर जळतं तेव्हा लाकूड, डांबर, तेल, प्लास्टिक सगळं जळतं. त्याची काळी काजळी वर जाते. आपण रान भाजतो तेव्हा धूर वर जातो, पण पावसाच्या ढगाच्या खालीच राहतो आणि पहिल्या पावसात धुऊन निघतो. अख्खं शहर जळताना आग इतकी मोठी असते की काजळी ढगाच्याही वर जाऊन बसते. तिथं पाऊस नाही. मग ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि सूर्य झाकोळते. अॅलन रोबॉक, ब्रायन टून या हवामानाच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गणित मांडलंय. भारत आणि पाकिस्ताननं मिळून हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब एकमेकांच्या शहरांवर टाकले तर सुमारे 50 लाख टन काजळी वर जाईल, सगळ्या पृथ्वीवर गारठा येईल आणि पाऊस कमी होईल. अणुयुद्धाविरुद्ध काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2013 मध्ये सांगितलं की अशा लढाईनं जगातल्या दोनशे कोटी लोकांवर उपासमारीची पाळी येऊ शकते.

आपलं भात खाचरातल्या पावसावर आहे. नाचणी, वरई उतारावरच्या पावसावर आहे. आपल्याकडे विहीर नाही, साठा नाही, बँकेत पैसा नाही. पाऊस पंधरा दिवस लांबला तर आपण रेशनच्या दुकानासमोर उभे राहतो. मग पाऊस काही वर्षं बिघडला तर सगळ्यात आधी कुणाच्या घरची चूल विझेल? ज्यानं बॉम्ब केला त्याच्या नाही.

म्हणून आजी, इथवर येतो. आवाज येणार नाही, उजेड दिसणार नाही. पण ताटात येतो.

आपला काय संबंध?

दुसरा सवाल सातबाऱ्याचा. तो बोलणारा साथी माझ्यापेक्षा जास्त वर्षं चळवळीत आहे, म्हणून त्याला मान देऊनच सांगतो. बॉम्बचा सवाल सातबाऱ्याहून वेगळा नाही. बॉम्ब जमिनीतून निघतो, आणि ती जमीन बहुतेक ठिकाणी आपल्यासारख्यांचीच असते.

हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधलं बहुतेक युरेनियम आफ्रिकेतल्या काँगोमधून, शिंकोलोब्वे नावाच्या खाणीतून आलं होतं. तेव्हा तिथं बेल्जियमच्या गोऱ्यांचं राज्य होतं आणि खणायला काळी माणसं होती. आपण काय उपसतोय, ते कुठं जातंय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. अमेरिकेत नावाहो आदिवासींच्या जमिनीवर पुढची चाळीस वर्षं युरेनियमच्या खाणी चालल्या. कंपन्या निघून गेल्या, पाचशेच्या वर खाणी मागं सोडून गेल्या. तिथल्या खाणकामगारांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला आणि भरपाईसाठी त्यांच्या विधवांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. इंग्रजांनी आपले बॉम्ब स्वतःच्या देशात उडवून पाहिले नाहीत. त्यातले काही ऑस्ट्रेलियात मारालिंगाला, तिथल्या मूळनिवासींच्या भूमीवर उडवले.

प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटाची गोष्ट तर आपल्या कुठल्याही धरणग्रस्ताला ओळखीची वाटेल. 1946 साली अमेरिकेचा अधिकारी तिथं आला आणि लोकांना म्हणाला की मानवजातीच्या भल्यासाठी थोडे दिवस बेट सोडा. लोक भोळे. 167 माणसं बोटीत बसून निघाली. त्यानंतर 1958 पर्यंत त्या बेटावर 23 अणुस्फोट केले गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही घरी परत राहायला जाऊ शकलेली नाहीत. आपल्याला चासकमानला, भामा-आसखेडला, डिंभ्याला काय सांगितलं होतं? देशाच्या विकासासाठी जमीन द्या. शब्द तेवढा वेगळा होता.

आपल्या देशात झारखंडला जादूगोडा म्हणून गाव आहे. तिथं संथाळ, हो, मुंडा आदिवासी राहतात. 1967 पासून सरकारी कंपनी तिथं युरेनियम काढते. दगड दळून युरेनियम घेतात आणि उरलेला विषारी गाळ गावाशेजारच्या तळ्यात सोडतात. 1996 च्या जानेवारीत अशाच एका नव्या गाळ-तळ्यासाठी चाटीकोचा गावातली घरं बुलडोझरनं पाडली. 2006 च्या डिसेंबरमध्ये गाळाची पाइपलाइन फुटली आणि विषारी गाळ कित्येक तास ओढ्यात वाहत राहिला. तिथले लोक सांगतात की व्यंग असलेली बाळं जन्मतात, बायांचे गर्भ पडतात. कंपनी म्हणते की याचा किरणोत्साराशी संबंध नाही. खरं-खोटं करायला दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी स्वतंत्र तपासणी हवी, ती मागून मागून लोक थकले.

हे बॉम्बचंच आहे का, विजेचं नाही का, असं कुणी विचारेल. थोडं समजून घ्या. परदेशातून आपण युरेनियम आणतो ते विजेसाठीच वापरायचं, बॉम्बला लावायचं नाही, असा करार आहे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय देखरेख आहे. मग बॉम्बसाठी काय उरतं? देशातल्याच जमिनीतलं. आदिवासीच्या घराखालचं.

पण सगळे काही गप्प बसले नाहीत. मेघालयात डोमियासियात इथं स्पेलिटी लिंगडोह लांगरिन नावाची एक खासी म्हातारी होती. तिच्या जमिनीखाली युरेनियम निघालं. कंपनीनं भाडेपट्ट्यापोटी कोट्यवधी रुपये देऊ केले. तिनं नको म्हणून सांगितलं आणि शेवटपर्यंत सांगत राहिली. 2020 साली नव्वदी ओलांडून ती गेली, पण जमीन दिली नाही. तिच्याकडे ना वकील होता, ना मोबाइल. खाली काय आहे आणि वर काढल्यावर काय होतं, एवढं तिला समजलं होतं. समजलं म्हणून ती नाही म्हणू शकली. मी जे 'माहिती सांगायची' म्हणतोय ते यासाठी.

आता 9 ऑगस्टकडे या. हा दिवस आपण क्रांती दिन म्हणून पाळतो, कारण 1942 साली त्या दिवशी 'चले जाव'ची चळवळ पेटली. जागतिक आदिवासी दिन म्हणूनही पाळतो, कारण 9 ऑगस्ट 1982 ला संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या प्रश्नांवरच्या कार्यगटाची पहिली बैठक भरली होती. मावळात याच दिवशी 2011 साली, पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात बऊरजवळ शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि तीन माणसं मेली. तीही आपल्या आठवणीत आहेत. पण याच दिवशी, 9 ऑगस्ट 1945 ला, सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी नागासाकीवर दुसरा अणुबॉम्ब पडला, हे आपल्या सभेत मी आजवर एकदाही ऐकलं नाही.

तो बॉम्ब खरं तर नागासाकीसाठी नव्हताच. विमान कोकुरा नावाच्या शहरावर गेलं होतं. तिथं आभाळ भरलेलं होतं, खालचं दिसेना. घिरट्या घालून ते नागासाकीकडे वळलं. ढगानं एक शहर वाचवलं आणि दुसरं मारलं. सत्तर हजारांच्या वर माणसं त्या वर्षात गेली. आपल्या दिवशी गेलेली ती माणसं आहेत. त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहणं आपल्याला जड नाही.

2017 साली संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रबंदीचा करार झाला. 2021 च्या जानेवारीत तो लागू झाला. अण्वस्त्रं बनवणं, ठेवणं, वापरणं, वापरण्याची धमकी देणं, सगळ्याला त्यात बंदी आहे. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की अण्वस्त्रांच्या उद्योगाची झळ आदिवासींना इतरांपेक्षा जास्त बसली. सातबाऱ्यावर नाव लागो न लागो, त्या कागदावर आपलं नाव लागलंय. सत्तरच्या वर देशांनी तो करार स्वीकारला. शेजारच्या बांगलादेशनं आणि श्रीलंकेनं स्वीकारला. भारत बाहेर आहे, पाकिस्तान बाहेर आहे, अमेरिका, रशिया, चीनही बाहेरच आहेत.

देशद्रोही म्हणतील त्याचं काय?

म्हणतील. जमीन मागितली तेव्हाही म्हणाले होते.

पण हा सवाल मी टाळत नाही, कारण आपल्याही घरांतली पोरं फौजेत आहेत आणि सीमेवर माणूस उभा असताना घरच्यांच्या पोटात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आपण फौजेच्या विरोधात नाही. देशाच्या रक्षणाच्या विरोधात तर नाहीच. अणुबॉम्ब हे रक्षणाचं हत्यार आहे का, एवढाच आपला सवाल आहे. कोयता हातात असला तर तो कुणावर उगारायचा हे आपण ठरवतो. अणुबॉम्ब पडला की बाई, बाळ, बैल, ओढा, पुढच्या साली पेरायचं बी, कुणालाच सोडत नाही. वारा फिरला तर टाकणाऱ्याच्याही शेतात येतो. पंजाब आणि लाहोर यांच्यामध्ये वाऱ्याला कुंपण नाही.

"पाकिस्तान ठेवणार आणि आपण टाकून द्यायचं का?" असं भाचाही मला म्हणाला. नाही, कुणी एकानं टाकून द्या असं आपण म्हणतच नाही. दोघांनी बसून कमी करा म्हणतो. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजानं 2025 मध्ये भारताकडे सुमारे 180 आणि पाकिस्तानकडे सुमारे 170 अण्वस्त्रं होती. दोन्ही देश जळायला त्यातली थोडीशीच पुरतील. मग बाकीची कुणासाठी?

आणि हे दोघे बसूच शकत नाहीत असं नाही. 31 डिसेंबर 1988 ला भारत-पाकिस्ताननं करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दर 1 जानेवारीला दोन्ही सरकारं एकमेकांना आपापल्या केंद्रांची यादी देतात. 1992 पासून एक साल चुकलेलं नाही. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा झालं, तरी यादी दिली-घेतली गेली. भाऊबंदकीत कोर्टात भांडणारे दोघं भाऊसुद्धा पाणवठ्यात घाण टाकत नाहीत, तशातलं हे आहे. एवढं जमतं तर पुढचंही जमेल.

भारतानं जगाला सांगितलंय की आम्ही अण्वस्त्राचा पहिला वार करणार नाही. हे चांगलं वचन आहे. अधूनमधून दिल्लीत कुणी ना कुणी म्हणतो की ते बदलावं. ते बदलू नका, असं जनतेनं म्हणायला हवं. पाकिस्ताननं असं वचन दिलेलं नाही, त्यांनीही द्यावं. हे बोलणं देशद्रोह असेल तर सरकारचं स्वतःचं धोरणच देशद्रोह ठरेल.

सांगून काय होतं?

बैठकीनंतर चहा पिताना एक तरुण साथी म्हणाला, "सांगून काय होणार? आपल्याला कोण विचारतंय?" त्याच्यासाठी दोन गोष्टी, एक लांबची, एक आपल्या उंबऱ्यावरची.

लांबची गोष्ट अमेरिकेतली. तिथं पूर्वी बॉम्बच्या चाचण्या उघड्यावर व्हायच्या. त्यातलं विष वाऱ्यानं गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून लेकरांच्या हाडांत जातं, असं काही शास्त्रज्ञांना वाटत होतं. पुरावा कसा काढायचा? सेंट लुईस नावाच्या शहरात 1958 साली डॉक्टर लुईस रीस या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आयांना सांगितलं, पोरांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला द्या. आपण पडलेला दात छपरावर फेकतो, तसं तिथंही त्याचं काहीतरी करतातच. त्याऐवजी आयांनी दात पाकिटात घालून पाठवले. वर्षं गेली तसे तीन लाखांच्या वर दात जमले. तपासले तर चाचण्या वाढल्या तसं दातांतलं विष वाढलेलं दिसलं. मग कुणाला नाही म्हणता येईना. आया रस्त्यावर आल्या आणि 1963 साली उघड्यावरच्या चाचण्या बंद करायचा करार झाला. भारतानंही त्यावर सही केली. त्या आया काही शास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांना सोप्या भाषेत सांगितलं गेलं आणि त्यांच्या हातून होण्यासारखं काम दिलं गेलं.

पुढेही असंच झालं. 1986 च्या सुमाराला जगात सत्तर हजारांच्या आसपास अणुबॉम्ब होते. देशोदेशीची माणसं लाखांनी रस्त्यावर आली, सरकारांना बोलणी करावी लागली, आणि आज ते बारा हजारांच्या आसपास आहेत. अजून फार आहेत, पण सत्तर हजार नाहीत. जपानमध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांनी 1956 साली आपली संघटना काढली, निहोन हिदान्क्यो. म्हातारी होईपर्यंत ही माणसं शाळाशाळांत जाऊन स्वतःवर काय गुदरलं ते सांगत राहिली. 2024 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं.

उंबऱ्यावरची गोष्ट चाकणजवळच्या शिंदे-वासुलीची. तिथलं सुमारे 100 एकर गायरान सरकारनं डाऊ केमिकल कंपनीला दिलं होतं. भोपाळमध्ये 1984 साली ज्या युनियन कार्बाइडच्या विषारी वायूनं हजारो माणसं मेली, ती कंपनी याच डाऊनं 2001 मध्ये विकत घेतली होती. गावकऱ्यांना आधी याचा पत्ता नव्हता. मग ह.भ.प. बंडातात्या कराडकर आणि वारकरी मंडळींनी हा विषय कीर्तनात नेला. शेजारीच भामचंद्राचा डोंगर, पलीकडे देहू-आळंदी. टाळ-मृदंगाच्या भाषेत भोपाळ घरोघरी पोचलं. 2008 मध्ये गावानं काम अडवलं. पुढं जाळपोळ झाली, ती आपली वाट नाही. पण कंपनीला तिथून जावं लागलं. दिसत नाही, वास येत नाही असं विष लोकांना समजावता येतं हे चाकणच्याच माणसांनी दाखवलंय. किरणोत्सारही तसाच आहे, न दिसणारा.

पुण्यातच एक मोठा माणूस होऊन गेला, दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिताचे विद्वान, टाटा संशोधन संस्थेत नोकरी. सुट्टीत काठी घेऊन आपल्याच डोंगरदऱ्या पायी तुडवायचे. वाटेवरच्या शेंदूर लावलेल्या आयांची, वेताळा-म्हसोबांची ठाणी बघायचे, गुराख्यांशी बोलायचे, हजारो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं वेचायचे. आपल्या देवांना अडाण्यांचे देव म्हणून हसण्याच्या काळात त्यांनी त्यातून इतिहास लिहिला. तेच कोसंबी जगाच्या शांतता चळवळीत होते. अणूपेक्षा सूर्याची ऊर्जा घ्या, ती आपल्या देशात भरपूर आहे, असं साठ वर्षांपूर्वी सांगत होते. मोठ्यांना ते रुचलं नाही. 1962 मध्ये त्यांची नोकरी गेली. 1966 ला ते पुण्यात वारले. आज सूर्याचे पंप आपल्या गावात सरकारच देतंय.

तर आपण काय करायचं?

फार नाही. 9 ऑगस्टच्या सभेत क्रांतिकारकांना, मावळच्या तिघांना आणि नागासाकीच्या मेलेल्यांना एकत्र दोन मिनिटं उभं राहून मान द्यायचा. मग ठराव वाचायचा. ठरावात चारच गोष्टी असाव्यात. पहिला वार न करण्याचं वचन भारतानं पक्कं ठेवावं आणि पाकिस्ताननंही द्यावं. दोन्ही देशांनी अण्वस्त्रं कमी करायची बोलणी सुरू करावीत आणि अण्वस्त्रबंदीच्या कराराकडे पाऊल टाकावं. जादूगोड्याच्या लोकांची स्वतंत्र आरोग्य तपासणी व्हावी. आणि ग्रामसभेनं हो म्हटल्याशिवाय युरेनियमसाठी कुठल्याही आदिवासी गावाची जमीन घेऊ नये.

त्यानंतरचं काम पावसाळ्यातल्या बैठकांचं. प्रत्येक पाड्यावर एकदा या विषयावर बसायचं. काजळी, पाऊस आणि नाचणी, एवढं जरी समजलं तरी पुष्कळ. शाळेच्या गुरुजींना सांगायचं की 6 आणि 9 ऑगस्टला पोरांना ही गोष्ट सांगा. कीर्तनकार बुवांना, भजनी मंडळाला भेटायचं. चाकण-भोसरीच्या पोरांनी आपापल्या खोलीवर बोलायचं. तिथं बिहारचा, झारखंडचाही गडी शेजारी झोपतो. जादूगोड्याकडचा कुणी भेटला तर त्याला बोलतं करा आणि आपण ऐका.

बैठकीतल्या त्या साथीला एवढंच म्हणतो. दादा, सातबाऱ्यावर नाव लागायलाच हवं, त्यासाठीच मोर्चा आहे. पण नाव लागलं आणि त्या मातीत नाचणी उगवेनाशी झाली, तर त्या कागदाचं करायचं काय? दावा जमिनीवर आहे तसा त्या जमिनीवरच्या पावसावरही आपला दावा आहे. तोही याच मोर्चात मांडू.

हे पत्रक वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. पटलं नाही तर बैठकीत येऊन भांडा. पण या.

जोहार. जिंदाबाद.

संघटनेचा एक कार्यकर्ता
खेड तालुका, पश्चिम भाग